पोवळ्याचा रंग राहतो कुठे?

आजीच्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी असायची. मंगळासाठी कुणीतरी सांगितलेली, सोन्यात बसवलेली. भांड्यांची राख, हळद, साबण, चुलीची धग, सगळं त्या अंगठीने आयुष्यभर सोसलं. सोन्याचं वळं झिजून पातळ झालं, पोवळ्याची चकाकीही थोडी गेली, पण लाली तसूभर हलली नाही. पोवळं म्हणजे पक्का रंग, हे माझ्या डोक्यात लहानपणीच बसलं ते असं.

म्हणूनच न्यू जर्सीहून आतेभावाचा फोन आला आणि तो म्हणाला, "ताई, माझ्या कोरलचा रंग उडाला गं," तेव्हा मला काही कळेचना. पोवळ्याचा रंग उडतो?

उडतो, आणि तोही तीन तऱ्हांनी. त्या तिन्ही तऱ्हा भावाच्या दिवाणखान्यातल्या एका टाकीत, अंगठ्याएवढ्या एकाच प्रवाळावर, दोन वर्षांच्या आत घडल्या. काही मी तिथे जाऊन पाहिल्या, बाकीच्या फोनवर आलेल्या फोटोंतून. त्या निमित्ताने जे वाचत गेले, त्याने मी अजून थक्क आहे.

आधी आजीच्या अंगठीचं सांगते. दागिन्यातलं लाल पोवळं हा एका प्राण्याचा सांगाडा आहे. हा प्राणी भूमध्य समुद्रात, कड्यांच्या काळोख्या कपारींत आणि गुहांच्या छतांना वाढतो. सांगाडा घडत असतानाच त्यात कॅरोटिनॉइड जातीची रंगद्रव्यं मिसळत जातात. गाजराला आणि टोमॅटोला रंग देणाऱ्या द्रव्यांची ही भावंडं. रंग हाडातच मुरलेला असल्यामुळे प्राणी मेला, मांस गेलं, तरी तो उरतो.

भावाचं प्रवाळ वेगळ्या घराण्यातलं. अ‍ॅक्रोपोरा मिलेपोरा असं त्याचं नाव. उथळ, उबदार, लख्ख उजेडाच्या समुद्रात प्रवाळभित्ती बांधणाऱ्यांपैकी ते एक. त्याने ते समुद्रातून उचललेलं नव्हतं. दुसऱ्या एका शौकिनाच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाची फांदी छाटून, सिमेंटच्या चकतीवर चिकटवून केलेलं ते कलम होतं, आपण गुलाबाची फांदी लावतो तसं. या छंदातले लोक त्याला फ्रॅग म्हणतात. (आपल्याकडे सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीला बसलेली आहेत. मालवणच्या समुद्रातून बोटभर तुकडा उचलणं हाही गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.) घरी आलं तेव्हा हे कलम पोपटी होतं आणि त्याच्या प्रत्येक फांदीचं टोक जांभळं होतं.

अंगठ्याएवढा तो तुकडा म्हणजे एक अख्खं गाव असतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे शेकडो पॉलिप. प्रत्येकाला एक तोंड, तोंडाभोवती इवल्या हातांचं कडं, आणि सगळे एकमेकांना मांसाच्या तलम पदराने जोडलेले. हे मांस जवळजवळ काचेसारखं आरपार दिसणारं. त्याखाली प्राण्याने स्वतः बांधलेलं चुन्याचं घर असतं, खडूसारखं पांढरंशुभ्र. म्हणजे पांढऱ्या भिंतीवर ओल्या काचेचा थर. मग पोपटी कुठून आला आणि जांभळं कुठून?

पॉलिपच्या पोटाच्या अस्तरात, थेट पेशींच्या आत, एकपेशीय शेवाळ राहतं. झूझँथेली त्याचं नाव. एकेक गोळा मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा, आणि प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरवर असे दहा लाख किंवा त्याहूनही जास्त. नखाएवढ्या जागेत एका मोठ्या शहराची वस्ती! हे शेवाळ उजेड खातं, साखर करतं आणि त्यातला बराचसा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत याच वाटेने येऊ शकते. कोकणात कूळ जमीन कसायचं आणि खोताला खंड घालायचं, तसाच हा कारभार. जमीन प्रवाळाची, कसणारं शेवाळ, खंड साखरेत.

आणि खोतही हुशार. कुळाला लागणारं खत, म्हणजे नत्र, तो बेतानेच मिळू देतो. खत मोजकं असलं की शेवाळाला फार पिलावळ वाढवता येत नाही, आणि उजेडातून केलेली साखर शिल्लक राहते, ती घरमालकाकडे जाते. कित्येक कोटी वर्षं हा करार असाच चालत आला आहे.

या कुळाचा रंग तपकिरी. हिरव्या हरितद्रव्याशेजारी त्याच्याकडे पेरिडिनिन नावाचं नारिंगी द्रव्य असतं. समुद्रात खोलवर पोचतो तो निळा-हिरवा उजेड टिपायला ते फार कामाचं. दोन्ही मिळून रंग होतो कडक चहाचा.

आता भावाचा पहिला फोन. टाकी नवी, उत्साह दांडगा. मासे हौसेने भरलेले, त्यांना दिवसातून तीनदा खाऊ. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाऊतून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठत गेलं. शेतकऱ्याला सांगायला नको की हे दोन्ही म्हणजे खत. खोताने मोजून द्यायचं ते खत आता पाण्यातूनच फुकट मिळू लागलं, आणि कुळाची संख्या भराभरा वाढली. दोन महिन्यांत पोपटी कलम चिखली तपकिरी झालं. जांभळी टोकंसुद्धा बुडाली. भाऊ म्हणाला रंग उडाला. खरं तर रंग उडाला नव्हता, झाकला गेला होता. काचेवर चहाचा जाड थर बसला की मागचं चित्र दिसत नाही, तसा.

तपकिरी होण्याची दुसरी वाट उजेडाची. दिवे अपुरे पडले, जुन्या ट्यूब मंदावल्या, किंवा कलम मोठ्याच्या सावलीत आलं, तरी हेच घडतं: कमी उजेडात पोट भरायचं तर शेवाळ दाट हवं, त्यातलं रंगद्रव्य दाट हवं. सावलीतल्या झाडाचं पान गडद हिरवं असतं त्यातलाच हा प्रकार. दुकानात झगमगणारं कलम घरी आल्यावर महिनाभरात मातकट दिसू लागतं, त्यामागे बहुतेक वेळा ही दोनच कारणं असतात.

इथे मला मालवण आठवतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात, पर्यटक पाण्याखाली डोकं घालून प्रवाळ पाहतात आणि पुष्कळजण वर येऊन विचारतात, रंगीत कोरल कुठे आहेत? तिथलं पाणी गढूळसर आणि सुपीक, उजेड बेताचा. प्रवाळ तपकिरी, खाकी, शेवाळी. ती तपकिरी छटा म्हणजे भरल्या कोठारांचा रंग. जगातल्या बहुतेक धडधाकट प्रवाळभित्ती लांबून तपकिरीच दिसतात. चित्रांनी आणि जाहिरातींनी आपल्या डोळ्यांना भलतीच सवय लावली आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

भावाला हे सांगून उपयोग नव्हता. त्याला पोपटी हवा होता.

पण पोपटी मुळात कुणाचा? तो शेवाळाचा नाही. तो खुद्द प्राण्याचा, त्याच्या पारदर्शक मांसात बनणाऱ्या प्रथिनांचा. ही प्रथिनं सापडल्याची गोष्ट अशी आहे की ती वाचली त्या रात्री मी उशिरापर्यंत जागीच होते.

ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका जेलीफिशचा उजेड कुठून येतो ते शोधत होते. त्या शोधात १९६२ साली त्यांनी एक हिरवं चमकणारं प्रथिन नोंदवलं. निळा उजेड पडला की ते हिरवा उजेड परत देतं. पुढे मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांनी त्या प्रथिनाला जिवंत पेशींमधल्या घडामोडी दाखवणारा दिवा बनवलं, आणि २००८ साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मात्र बरीच वर्षं समज असा होता की अशी प्रथिनं स्वतः उजेड पाडणाऱ्या प्राण्यांतच असणार. प्रवाळ तर अंधारात लुकलुकत नाही. मॉस्कोतल्या संशोधकांना वेगळी शंका आली. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या त्या शहरात त्यांनी प्रवाळ मिळवले ते शौकिनांच्या मत्स्यालयांतून! मिखाईल माट्झ, सर्गेई लुक्यानोव आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली जाहीर केलं, की प्रवाळांत आणि त्यांच्या सोयऱ्यांतही याच कुळातली प्रथिनं आहेत, हिरवीच नाहीत तर लालसुद्धा. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी लाल रंगाने उजळतात त्यामागे त्या मत्स्यालयांतल्या डिस्कोसोमा नावाच्या मऊ, बशीसारख्या प्राण्याचं देणं आहे. कुणाच्या तरी घरातल्या काचेच्या टाकीत ते सगळ्यांच्या नजरेसमोर चमकत होतं.

या प्रथिनाची रचना तर अप्रतिम. अमिनो आम्लांची सव्वादोनशेच्या वर मण्यांची माळ अकरा पट्ट्यांत वळून पिंपासारखा आकार घेते, आणि पिंपाच्या मधोमध माळेतलेच तीन शेजारी मणी एकमेकांत गुंतून रंगाची गाठ तयार करतात. बाहेरून रंग आणायला नको, रंगारी नको. थोडा प्राणवायू मिळाला की प्रथिन स्वतःला रंगवून घेतं. गाठीभोवतीची मांडणी जराशी बदलली की निळसर, हिरवा, लाल, आणि चमकत नाही पण डोळ्यात भरतो असा जांभळा, असे सगळे एकाच घराण्यातले रंग निघतात. २००२ साली जपानच्या रिकेन संस्थेतल्या आत्सुशी मियावाकी यांच्या चमूला ट्रॅकिफिलिया या प्रवाळात एक हिरवं प्रथिन मिळालं होतं. त्याची एक नळी रात्रभर टेबलावर राहून गेली. दुसऱ्या दिवशी पाहतात तर टेबलावरची नळी लाल झालेली, खोक्यातल्या नळ्या हिरव्याच! उजेडातल्या जांभळ्या आणि अतिनील किरणांनी ते प्रथिन कायमचं पालटलं होतं. जपानात शिशिराआधी हिरव्याचा लाल होणारा मेपल असतो, त्याचं नाव त्यांनी या प्रथिनाला दिलं: काएदे.

प्राणी एवढा खटाटोप कशासाठी करतो? उथळ पाण्यात उजेड जास्त होतो म्हणून. विशेषतः फांदीच्या टोकाशी, जिथे नवी वाढ चालू आहे आणि शेवाळ अजून पुरतं वसलेलं नाही. उजेड पारदर्शक मांसातून आत शिरतो, पांढऱ्या भिंतीवर आपटतो आणि परत उसळतो. तिथे जांभळ्या प्रथिनाचा पडदा लागतो. उन्हाळ्यात दारावर वाळ्याचे पडदे सोडतात तसा हा अंगातलाच पडदा. म्हणून टोकं जांभळी! आणि हा पडदा विणायची आज्ञा बहुतांशी निळ्या उजेडाकडून मिळते. निळा वाढला की प्राण्याच्या पेशी जास्त रंग बनवतात. खोल पाण्यातल्या काही प्रवाळांत मात्र तीच लाल-हिरवी प्रथिनं उलट कामाला येतात: वरून आलेल्या तुटपुंज्या निळ्या उजेडाचा नारिंगी-लाल करतात, जो मांसात अधिक खोल शिरतो आणि आतल्या शेवाळापर्यंत पोचतो. सावली धरायला आणि दिवा दाखवायला, दोन्हीला एकाच घराण्यातली प्रथिनं.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली. प्रवाळाचा रंग म्हणजे प्राणी आणि शेवाळ यांनी मिळून ठेवलेला उजेडाचा हिशेब आहे. किती आला, किती खाल्ला, किती अडवला, हे सगळं अंगावर लिहिलेलं. टाकीवाल्याला ती वही वाचता यायला हवी.

भावाने वाचली, पण अर्धीच. तपकिरी घालवायचं तर शेवाळाचं खत तोडायचं, एवढं त्याला कळलं. त्याने पाण्याच्या वाटेत लोहाच्या दाण्यांची पिशवी लावली. हे दाणे फॉस्फेट धरून ठेवतात. फेस काढणारं स्किमर मोठं घेतलं. पाणी बदलायला आरओचं शुद्ध पाणी आणि तोलून मापून मीठ. वसंत येईपर्यंत फॉस्फेटची चाचणी शून्य दाखवू लागली आणि कलमाने कात टाकली. मी जूनमध्ये गेले तेव्हा ते आरशासमोर धरलेल्या अत्तराच्या कुपीसारखं दिसत होतं: फिका पोपटी, त्यावर गुलाबी झाक, टोकं लव्हेंडर. संध्याकाळी निळे दिवे लागले की अख्खी टाकी आतून पेटल्यासारखी व्हायची. मी खुर्ची ओढून तासभर समोर बसून राहायची.

त्या फिक्या रंगाला या छंदात मोठा मान आहे. पण तो उपाशीपणाच्या कडेवरचा रंग असतो. शेवाळ विरळ झालं, चहा पातळ झाला, म्हणून मागचं चित्र दिसू लागलं. थोडं विरळ झालेलं चालतं. फार झालं तर खंडही आटतो, फांद्यांची वाढ मंदावते, मांस कागदासारखं पातळ होतं. रंग उडण्याची ही दुसरी तऱ्हा, आणि हिला फसणं सगळ्यात सोपं. कारण ती सुंदर दिसते.

भावाच्या टाकीत एक आणखी गोम होती. फॉस्फेट शून्य, पण नायट्रेट मात्र बरंच शिल्लक. लोहाचे दाणे नायट्रेट धरत नाहीत. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग वीडेनमान आणि सेसिलिया डँजेलो यांची प्रवाळांची प्रयोगशाळा आहे, आणि तिथलं कामही मुख्यतः टाक्यांमध्ये वाढवलेल्या प्रवाळांवरच चालतं. त्यांनी २०१३ साली दाखवलं, की नत्र भरपूर आणि फॉस्फरस दुर्मिळ असा असमतोल झाला की प्रवाळ उष्णतेपुढे आणि उजेडापुढे फार लवकर हार मानतं. कारण समजून घेण्यासारखं आहे. नत्र मिळालं म्हणून शेवाळ वाढू पाहतं. पण पेशीचे पडदे बांधायला लागणारी स्निग्धद्रव्यं फॉस्फरसशिवाय होत नाहीत. मग शेवाळ त्यांच्या जागी गंधकाची स्निग्धद्रव्यं वापरून वेळ मारून नेतं. पडदा तयार होतो, पण कच्चा. सौम्य दिवसांत तो टिकतो. कडक उजेड आला की उसवतो.

कडक उजेड आला डिसेंबरात. जुन्या ट्यूब काढून भावाने नव्या एलईडी बसवल्या. निळ्या छटेच्या, महागातल्या. लावून पाहतो तर टाकी आधीपेक्षा मंद दिसते! म्हणून त्याने दिव्यांचा जोर वाढवला, आणखी वाढवला. फसला तो त्याचा डोळा. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जागा असतो. गडद निळा त्याला अंधुक वाटतो. शेवाळाचं नेमकं उलटं, त्याला निळाच जास्त कळतो. माणसाला तिन्हीसांज वाटत होती तेव्हा प्रवाळावर भर दुपार पेटली होती. वनस्पतीला उपयोगी पडणारा उजेड मोजायचं एक यंत्र मिळतं, पार मीटर म्हणतात त्याला. अशा प्रवाळाला २०० ते ३५० च्या आसपास पुरे, असं अनुभवी लोक सांगतात. नंतर उसनं आणून मोजलं तेव्हा कलमाच्या जागी आकडा ५०० च्या वर होता.

दहा-बारा दिवसांत कलम पांढरं पडलं.

फोटो पाहून माझ्या पोटात गोळा आला. पांढरं म्हणजे दुधासारखं, फांद्यांवरची प्रत्येक खाच दिसावी असं. ही तिसरी तऱ्हा, जिला जगभर ब्लीचिंग म्हणतात. आत काय घडतं? उजेड टिपणारी शेवाळातली यंत्रणा जेवढा येतो तेवढा वापरू शकत नाही. उरलेल्या उजेडाची ऊर्जा प्राणवायूला बिथरवते, आणि तो बिथरलेला प्राणवायू पेशीतलं जे दिसेल ते जाळत सुटतो. पाणी जास्त तापलं तरी हेच होतं, कारण उष्णतेने यंत्रणा आधीच लंगडी झालेली असते. शेवटी प्राणी स्वतःला वाचवण्यासाठी शेवाळाला बाहेर टाकतो किंवा आतल्या आत जिरवतो. काच उरते आणि पांढरी भिंत.

इथे एक क्रूर चक्र सुरू होतं. शेवाळ दाट असतं तोवर त्यातले गोळे एकमेकांना सावली देतात. काही गेले की पांढरा सांगाडा उघडा पडतो, आणि तो आरशासारखा उजेड परत फेकतो. उरलेल्यांवर वरून उजेड, खालून उजेड. त्यामुळे तेही जातात. जितकं पांढरं, तितकी भाजणी जास्त.

समुद्रात हेच घडतं तेव्हा त्याला दिवे कमी करणारं कुणी नसतं. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एका अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळभित्ती पांढऱ्या पडू लागतात. एक अंश! ताप आहे का म्हणून कपाळावर हात ठेवला तर एवढा फरक कळतही नाही. १९९८ मध्ये जगभर एकदम पांढरं पडण्याची पहिली मोठी लाट आली, तेव्हा आपलं लक्षद्वीपही त्यात होरपळलं. एप्रिल २०२४ मध्ये अशा चौथ्या लाटेची घोषणा झाली. भावाच्या टाकीतल्या अंगठ्याएवढ्या पांढऱ्या तुकड्याकडे पाहताना मला ते आठवत राहिलं, आणि त्यानंतर तो तुकडा मला फक्त छंदातली वस्तू वाटेना.

"मेलं ना?" भावाने विचारलं.

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. मी त्याला भिंग लावून पाहायला सांगितलं: पांढऱ्यावर मांसाचा ओलसर पदर आहे का, रात्री पॉलिपचे हात बाहेर येतात का? पदर सोलून निघाला असता, बुडापासून वर वर नुसता खडबडीत चुना उघडा पडत गेला असता, तर तो रोग वेगळा. पाण्याचा खारटपणा अचानक हलला, क्षारता वरखाली झाली, तर मांसच गळतं, आणि मग करण्यासारखं फार उरत नाही. इथे पदर शाबूत होता. रात्री दोनच्या अंधारात टॉर्च मारून त्याने फोटो पाठवला: काचेचे इवले हात, निम्मे बाहेर.

शेवाळाशिवाय प्रवाळ काही काळ जगू शकतं, हे जुनंच ज्ञान आहे. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ग्रेट बॅरियर रीफवरच्या लो आइल्स बेटांवर संशोधकांचा तळ पडला होता. त्यांनी प्रवाळ उजेड शिरणार नाही अशा बंद पेटीत ठेवून पाहिले. शेवाळ हळूहळू नाहीसं झालं, प्राणी मात्र लगेच मेले नाहीत. त्यांना तोंड आहे, पोट आहे. मिळेल ते सूक्ष्म भक्ष्य पकडून ते तग धरतात. खंड बंद झाला तर खोताला स्वतः हातपाय हलवावे लागतात, इतकंच.

भावाने दिवे निम्म्याहून खाली आणले. लोहाच्या दाण्यांची पिशवी काढून टाकली. माशांचा खाऊ वाढवला, आणि रात्री पॉलिप बाहेर आले की गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव ड्रॉपरने त्यांच्या हातांवर सोडू लागला. ते हात अन्नाला मिटताना दिसतात म्हणे, इतक्या सावकाश की बघणाऱ्याने श्वास रोखायला हवा.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात जे घडलं त्यासाठी मी हे सगळं सांगते आहे. पांढरं कलम निळं-जांभळं झालं. आधी कधीच नव्हतं इतकं. फोटोत काहीतरी गफलत आहे असं मला वाटलं. भावाला वाटलं, बरं झालं.

यामागचं कारण साउथॅम्प्टनच्याच गटाने २०२० साली उलगडलं होतं. शेवाळ गेल्यावर मांसाच्या आत निळा उजेड माजतो, आणि निळा उजेड ही तर पडदा विणायची आज्ञा. मग पांढरं पडलेला, उपाशी, अर्धमेला प्राणी आपल्याकडची शिल्लक खर्चून पडद्यामागून पडदा विणतो, जांभळे, निळे, निऑनसारखे. न्यू कॅलेडोनियाजवळ २०१६ साली अख्खी भित्ती अशी रंगात न्हालेली लोकांनी पाहिली होती. त्या रंगाचं काम एकच: आतली भाजणी थांबवायची, ते आरशाचं चक्र तोडायचं, म्हणजे अंगात कुठे कानाकोपऱ्यात उरलेले शेवाळाचे चार गोळे पुन्हा तग धरतील, वाढतील. शेवाळ परत दाट झालं की ते निळा उजेड पिऊन टाकतं, आज्ञा थांबते, आणि पडदे उतरतात. फटका सौम्य किंवा थोडक्या वेळाचा असेल तेव्हाच हे जमतं. फार भाजलेल्या प्रवाळाला पडदा विणण्याएवढं बळ उरत नाही.

ज्या रंगासाठी भावाने एवढी धडपड केली, तो रंग आता अंगभर होता, आणि आता त्याला तो बघवत नव्हता. मी फोन केला की तो एकच सांगायचा, "ताई, अजून निळंच आहे."

मार्चच्या शेवटी मध्यरात्री फोटो आला. सोबत शब्द एकच: तपकिरी! मोठं करून पाहिलं. फांदीच्या बुडाशी, दिव्याच्या विरुद्ध बाजूला, बशीवर चहाचा थेंब सुकावा एवढा डाग. आठवड्याने तो डाग दोन पॉलिप वर सरकला होता. भाऊ आता रोज संध्याकाळी भिंग घेऊन बसतो आणि किती पॉलिप तपकिरी झाले ते मोजतो. काल सतरा होते.